मोकळं, झाकून, बंद

त्या घरात रोज सकाळी एकच प्रश्न विचारला जायचा आणि त्याची उत्तरं तीनच होती. मोकळं, झाकून किंवा बंद. इतर घरांत सकाळी किल्ल्या कुठे ठेवल्या, आंघोळीला आधी कोण, यावरून गोंधळ असतो. तो इथेही असायचाच, पण या उत्तरानंतर. आधी वहिनी फोन लावणार, पलीकडून आत्या एक शब्द सांगणार, आणि मगच घर कामाला लागणार.

कारण घरातल्या मुलीला ऊन सोसत नव्हतं. आपल्यालाही सोसत नाही म्हणा. आपण घाम पुसतो, कुरकुरतो आणि सावली गाठतो. हिचं तसं नव्हतं. हिच्या कातडीला उजेडाचंच वावडं होतं, अगदी जन्मापासून. थोडा वेळ कडक उन्हात गेला की आधी आग, मग सूज, मग फोड. डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं की याला औषध नाही, सांभाळणं आहे. मग काय, पोर दिवसा जाड पडद्यांच्या आत आणि दिवेलागणीला रस्त्यावर हुंदडायला. घरात तिला लाडानं घुबड म्हणायचे. तिलाही ते नाव इतकं आवडायचं की खऱ्या नावानं हाक मारली तर ती ओ देत नसे.

वहिनी म्हणजे घुबडाची आई आणि आत्या म्हणजे घुबडाच्या बाबांची धाकटी बहीण. ती वेधशाळेत होती. वेधशाळा म्हटली की लोक हटकून विचारतात, पाऊस कधी? आत्याला या प्रश्नाचा भयंकर राग होता. "पावसाचा विभाग खालच्या मजल्यावर," असं ती तोडून टाकायची. तिचं काम उन्हाचं होतं. वेधशाळेच्या गच्चीवर काचेच्या छोट्या घुमटीखाली एक काळी चकती बसवलेली होती आणि शेजारी एक नळी होती. ती नळी सकाळी उगवतीकडे तोंड करून बसायची आणि दिवसभर सूर्यामागे मान वळवत संध्याकाळी मावळतीला पोचायची. वरून निघालेलं ऊन खाली येईपर्यंत किती उरतं आणि वाटेत हवा किती गिळते, हे या दोघी मोजायच्या.

हवेचं हे गिळणं बारा महिने सारखं नसतं. दमट महिन्यांत हवेतली वाफ ऊन गिळते. कोरड्या, वारा पडलेल्या हवेत धूळ आणि धूर गिळतात. वारा सुटला की आकाश स्वच्छ होतं आणि ऊन जवळजवळ अख्खंच्या अख्खं खाली उतरतं. आत्यानं कित्येक वर्षांची मोजमापं एकत्र करून त्याची एक वळणदार रेघ काढली होती. वर्षाच्या कुठल्या आठवड्यात हवा सरासरी किती ऊन गिळते, हे त्या रेघेवर बोट ठेवून सांगता येत असे. ती त्या रेघेला 'आकाशाची भूक' म्हणायची. कचेरीतल्या कागदपत्रांत तिला भारदस्त नाव होतं, पण घरी सगळ्यांना भूकच कळायची. माणूस आपल्या पोराचं कौतुक करतं तसं आत्या त्या रेघेचं करायची. लग्न तिनं केलं नव्हतं आणि कोणी विषय काढलाच तर म्हणायची, "सूर्यावर नजर ठेवायला वेळ पुरत नाही, नवऱ्यावर कधी ठेवू?"

थंडी सरता सरता शहरावर काही आठवडे धुरकट बसायचं. वारा पडलेला, आकाशाला मळकट झाकण घातलेलं आणि सूर्य त्यामागे जुन्या तांब्याच्या नाण्यागत. सगळं शहर नाकावर रुमाल धरून त्या हवेला शिव्या घालायचं. चैन फक्त घुबडाची असायची. आकाशाची भूक तेव्हा सगळ्यात मोठी, ऊन वाटेतच संपायचं आणि आत्याच्या तोंडून तो दुर्मीळ शब्द यायचा: मोकळं. बंद म्हणजे घरातच, झाकून म्हणजे टोपी-हातमोजे घालून, आणि मोकळं म्हणजे टोपी नाही, हातमोजे नाहीत, उघड्या हातांनी दिवसाढवळ्या बाहेर. घरातले बाकीचे खोकत असताना ही पोर खिडकीशी नाचायची. धुरकटाची अशी वाट बघणारं माणूस शहरात दुसरं नसेल.

त्या वर्षी शाळेच्या मैदानी स्पर्धा नेमक्या धुरकटात आल्या. घुबडानं पहिल्यांदाच शर्यतीत नाव दिलं. त्याआधी दरवर्षी ती वर्गाच्या खिडकीतून इतरांसाठी टाळ्या वाजवायची. सकाळी फोन आला तेव्हा आत्यानं खिडकीतून बाहेर बघितलं होतं. समोरची इमारतसुद्धा नीट दिसत नव्हती. "मोकळं," ती म्हणाली आणि कामाला लागली.

काम मोठं होतं. दुसऱ्या दिवशी तिचं भाषण होतं. बाहेरून मोठमोठी माणसं येणार होती आणि आकाशाची भूक त्यांच्यासमोर पहिल्यांदा मांडली जाणार होती. आत्या सकाळपासून सभागृहात कोंडून घेऊन सराव करत होती. पडदे ओढलेले, दिवे मालवलेले आणि समोर भिंतभर तिची ती लाडकी रेघ. दुपारी पुन्हा फोन वाजला.

वहिनी मैदानावरून बोलत होती. वहिनी शहरातली बस चालवायची. सकाळची पाळी संपवून गणवेशातच ती शर्यत बघायला पोचली होती.

"ताई, जरा वर जाऊन बघतेस का गं? इथे मघापासून वारा सुटलाय. आकाश निवळल्यासारखं वाटतंय मला."

"सकाळी सांगितलं ना वहिनी? मोकळं."

"सकाळी होतंच गं धुरकट. पण आता सावल्या पडायला लागल्यात बघ. ही हातमोजे काढून बसलीये. एकदा बघून सांग, मग सोडते."

सभागृहापासून गच्ची म्हणजे दोन जिने. प्रोजेक्टर चालवणारा माणूस पुढची स्लाइड दाखवू का म्हणून ताटकळत होता. आत्यानं भिंतीवरच्या रेघेकडे बघितलं. हा आठवडा रेघेच्या अगदी माथ्यावर होता. वर्षातली सगळ्यात मोठी भूक. त्यापुढे वहिनीला काय वाटतं आणि काय नाही, याला काय किंमत?

"हे बघ वहिनी, आपण डोळ्यांना वाटण्यावर चालतो का? आलेख माझ्यासमोर आहे. या आठवड्यात आकाश निम्मं ऊन गिळतं. मोकळं म्हणजे मोकळं. पळू दे तिला!"

पलीकडून घुबडाचं "हुर्रे!" ऐकू आलं. आत्याला हसू आलं. तिनं फोन ठेवला आणि पुढची स्लाइड मागवली.

बाहेर काय झालं होतं? फार काही नाही. दुपारी वारा उठला होता, बस्स. तासाभरात त्यानं शहरावरचं झाकण उचलून नेलं होतं. वर्षातून एखाद्या वेळी धुरकटाच्या ऐन भरात असं होतं. कित्येक वर्षांच्या सरासरीत असा एखादा दिवस कुठल्या कुठे विरघळून जातो, रेघेवर त्याचा ओरखडासुद्धा उठत नाही. पण मैदानावरच्या पोरीच्या अंगावर सरासरीचं ऊन पडत नव्हतं. त्या दिवसाचं पडत होतं.

वारा गार होता म्हणून कुणाला ऊन जाणवलंही नाही. घुबड शेवटून दुसरी आली. पळायची सवय कुठे होती तिला? पण शर्यत संपल्यावर ती सावलीत यायलाच तयार होईना. हात चुरचुरायला लागले होते, ते तिनं लपवलं. सांगितलं असतं तर आत नेलं असतं ना. बक्षिसं वाटून होईपर्यंत ती उघड्या हातांनी, उघड्या मानेनं, मैदानात मैत्रिणींमध्ये बसून राहिली. संध्याकाळी तिच्या डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या आणि हातांवर फोड आले होते.

इस्पितळाच्या बोळात एक लांबलचक बाकडं होतं. त्यावर आई, म्हणजे घुबडाची आजी, पदर तोंडाला लावून बसली होती. दादा, म्हणजे घुबडाचे बाबा, येरझाऱ्या घालत होता. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, अंगात अजून गणवेश. आत्या धावत आली तेव्हा तिनं गच्चीवरचं यंत्र बघितलेलं होतं. दुपारपासून आकडे असे वर चढले होते की पावसाच्या विभागातल्या माणसालासुद्धा कळावं. ती वाटेत मनाशी वाक्य जुळवत आली होती. माझं चुकलं. मी वर जाऊन बघितलं नाही. दोनच वाक्यं होती आणि ती म्हणायचीच असं ठरवून ती बोळात शिरली.

दादा वहिनीला विचारत होता, "पण तू तिला विचारलं होतंस ना?"

"विचारलं तर. दोनदा विचारलं. मोकळं म्हणाली."

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. दादानं, आईनं आणि आतून बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाईंनीसुद्धा. या घरात आत्याचा शब्द चुकतो असं आजवर झालं नव्हतं. आई शेजारीपाजारी सांगायची, "आमची पोर सूर्याला विचारून बोलते." आणि त्या नजरांसमोर आत्याच्या तोंडून निघालं,

"मी झाकून म्हटलं होतं."

कुणी शिकवलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. शब्द बाहेर पडला आणि मग तो तिचा तिला ऐकू आला. परत घेता आला असता. तिथल्या तिथे, पुढच्याच श्वासाला. तो श्वास तिनं घेतला आणि सोडून दिला.

वहिनीनं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली. हिशेब चुकला की माणूस पुन्हा पहिल्या ओळीपासून बघतं तसं. मग मान खाली घालून म्हणाली, "असेल. मैदानावर आवाज फार होता. माझाच घोळ झाला असेल."

"घोळ?" आई बाकावरून उठली. "पोटच्या पोरीच्या बाबतीत घोळ? बस चालवताना होतो का घोळ?"

दादानं वहिनीच्या हातातली औषधांची चिठ्ठी घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी आत्यानं भाषण दिलं. रद्द करता आलं असतं, पण रद्द का हे सांगावं लागलं असतं. भाषण उत्तम झालं. मेल्याहून मेल्यासारखं वाटत असताना माणूस किती छान बोलू शकतं, हे तिला त्या दिवशी कळलं. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं विचारलं, की बाई, या सरासरीचा एखाद्या दिवसापुरता किती भरवसा धरायचा? आत्या म्हणाली, "अजिबात नाही. सरासरी म्हणजे कुठलाच एक दिवस नव्हे. त्या दिवसाचं विचारायचं तर गच्चीवर जाऊनच बघावं लागतं." लोकांना उत्तर फार आवडलं. टाळ्या पडल्या. आत्यानं पाण्याचा पेला उचलला. तो न पिताच खाली ठेवून ती व्यासपीठावरून उतरली.

घुबड घरी आली. हात पट्ट्यांत, मानेवर मलम. खोलीचे पडदे आता दिवसरात्र ओढलेलेच. घरातला नेहमीचा फोन बंद झाला होता, कारण आता रोज 'बंद'च होतं, विचारायचं काय?

आणि वहिनीचं घरातलं स्थान हळूहळू सरकत गेलं. पट्ट्या दादा बदलायचा. डॉक्टरांकडे दादा न्यायचा. मलम लावायला वहिनी पुढे झाली की आई म्हणायची, "राहू दे, मी लावते. तुझा पुन्हा घोळ व्हायचा." चिडून नव्हे हं, अगदी साध्या आवाजात, आणि तेच जास्त लागायचं. वहिनी पूर्वी मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची. चौकात बस वळवताना रिक्षावाल्यांना जे ऐकवायची त्याच्या नकला घरी करून दाखवायची. आता ती घरातून हलक्या पावलांनी फिरायची. गॅस बंद केला का, दार लावलं का, हे पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. एकदा आत्यानं तिला फोनवर बोलताना ऐकलं. बसच्या आगारातल्या साहेबांना ती सांगत होती की मी नोकरी सोडते. "माझं लक्ष राहत नाही हो," ती म्हणत होती. "माणसं बसलेली असतात मागे. माझा भरवसा नाही."

आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. हातात घुबडासाठी आणलेली पुस्तकं. त्या क्षणी तिला स्वतःची इतकी किळस आली की पुस्तकं तिथेच ओट्यावर ठेवून ती न भेटता निघून गेली. शरमेचंही एक विचित्र असतं. तिनं माणूस लगेच सुधारतं असं नाही. बरेचदा ते नुसतं पळतं. आत्या पळत राहिली. कधी खेळणी पाठवायची, कधी महागाचं मलम, कधी दादाला फोन करून "वहिनीला फार बोलू नका रे" म्हणायची. दादा म्हणायचा, "तुझं मन मोठं आहे." फोन ठेवल्यावर आत्या मोरीत जाऊन तोंड धुवायची.

पुढे एकदा रविवारी दुपारी तिला जावंच लागलं. आईनं बोलावलं होतं, सगळ्यांनी मिळून जेवायचं म्हणून. उद्यापासून वहिनी घरीच राहणार होती. बैठकीच्या खुर्चीवर तिचा गणवेश इस्त्री करून, घडी घालून ठेवलेला होता. तो परत करायचा होता.

आत्या आधी घुबडाच्या खोलीत गेली. अंधार होता. पोर पलंगावर मांडी घालून बसली होती. पट्ट्या निघाल्या होत्या. हातांवर गुलाबी आणि तपकिरी चट्टे राहिले होते. नकाशासारखे दिसतात ना, असं तिनं स्वतःच विचारलं आणि एका चट्ट्यावर बोट ठेवून "हे माझं बेट" म्हणाली. मग दाराकडे बघून तिनं आवाज खाली आणला.

"आत्या, तू घाबरू नकोस हं. मी कुणालाच सांगितलं नाही."

"काय सांगितलं नाहीस?"

"अगं, फोन स्पीकरवर होता ना. आईच्या हातात माझी पाण्याची बाटली होती म्हणून मीच धरला होता. तू मोकळं म्हणालीस."

आत्याला खोलीत बसायला जागा दिसेना. ती भिंतीला धरून खाली जमिनीवरच बसली.

"मग का नाही सांगितलंस? आईला एवढं बोलतात सगळे."

घुबडानं यावर विचार केलेला होता. ती समजूतदारपणानं म्हणाली, "सांगितलं तर तुझं कुणी ऐकणार नाही. मग मोकळं कोण म्हणणार? आई कधीच म्हणणार नाही, बाबा तर नाहीच. मग मी मोठी होईपर्यंत आतच." तिनं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आईचं काय, आईला थोडे दिवस बोलतील. मग विसरतील. ती तर मोठी आहे."

मोठ्या माणसानं एखाद्याला दम द्यावा तसं नव्हतं ते. पोर तिला धीर देत होती. आपली बाजू घेतेय, आपल्या खोट्याला खतपाणी घालतेय, आणि तेही स्वतःच्या आईचा बळी देऊन. भाजलेली हीच, आणि सांभाळून घेतेयही हीच. आत्याच्या कानांपर्यंत रक्त चढलं. अंधार होता हे तिचं नशीब.

"पुढच्या धुरकटात म्हणशील ना मोकळं?" घुबडानं विचारलं.

आत्या उठली आणि बाहेर गेली. पानं घेतलेली होती. तिनं खुर्ची ओढली नाही, उभ्यानंच बोलली, कारण बसली असती तर राहून गेलं असतं.

"मी मोकळं म्हटलं असं वहिनी सांगत होती, तरी तुम्ही तिलाच बोलताय. ती खरं सांगत होती. मी मोकळं म्हटलं. तिनं दोनदा सांगितलं, वर जाऊन बघ, वारा सुटलाय. मी गेले नाही. आणि इस्पितळात मी खोटं बोलले."

आधी आईच बोलली.

"अगं, होतं एखाद्या वेळी. आता कशाला उकरून काढतेस? जेवा आधी."

"आई, तू गप्प बस," दादा म्हणाला. आईला असं तो उभ्या आयुष्यात बोलला नव्हता. त्यानं वहिनीकडे बघितलं. त्याच्या खिशात अजून ती औषधांची चिठ्ठी असेल, असं आत्याच्या मनात उगाच येऊन गेलं.

वहिनी हातात पळी घेऊन तशीच उभी होती. म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं, मला ऐकू येतं ते खोटंच असतं. बसमध्ये घंटी वाजली तरी मी आरशात बघायचे, खरंच वाजली का म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "माझ्या पोरीला मीच भाजलं असं समजून मी रोज झोपत होते."

"वहिनी, मी..."

"जेवून घ्या तुम्ही," वहिनी म्हणाली.

आजवर त्या दोघींत अगं-तूगं होतं. 'तुम्ही' हा शब्द आत्याच्या ताटाशेजारी येऊन पडला आणि जेवण होईस्तोवर तिथेच राहिला. वहिनीनं सगळ्यांना वाढलं, आत्यालाही वाढलं. मग बैठकीत जाऊन तिनं गणवेशाची घडी मोडली आणि तो खुंटीला टांगला.

त्यानंतर फोन आला नाही. आत्या रोज सकाळी गच्चीवर जाऊन यंत्र बघायची, आकाश बघायची, आणि फोन हातात धरून उभी राहायची. मग एका सकाळी गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजली. वहिनी होती, गणवेशात, पाळीवर निघालेली. मागून टोपी, गळपट्टा आणि हातमोजे घातलेलं घुबड.

"ते यंत्र कसं वाचायचं ते मला दाखवा," वहिनी म्हणाली.

आत्यानं दाखवलं. काळी चकती काय सांगते, नळी काय सांगते, दोन्ही आकडे कधी जवळ येतात आणि कधी फाकतात. वहिनी दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही. कामापुरतं बोलायची. चहा विचारला तर "नको, पाळी आहे" म्हणायची. आत्यानं क्षमा मागायचा प्रयत्न एकदा केला, तेव्हा वहिनी म्हणाली, "घुमटीवर धूळ बसलीये, पुसायची का?" आत्यानं पुसली.

मग एक सकाळ जरा अवघड निघाली. धुरकट नाही, नितळही नाही. आकाशाच्या मनात काय आहे कळेना. वहिनी यंत्राशी वाकून आकडे बघत होती. आत्या आणि घुबड जिन्याच्या पत्र्याखाली सावलीत उभ्या होत्या. पाण्याच्या टाकीवर बसलेल्या एका लंगड्या कबुतराबद्दल त्यांचं बोलणं चाललं होतं. घुबडानं एक हातमोजा काढून खिशात कोंबला होता.

वहिनी सरळ झाली. तिनं आकाशाकडे बघितलं, पुन्हा आकड्यांकडे बघितलं.

"झाकून," ती म्हणाली.

"पण आत्या आत्ताच मोकळं म्हणाली," घुबड म्हणाली.

चेहरा अगदी सरळ. पापणी लवली नाही, आवाज अडखळला नाही. आत्या पोरीकडे बघतच राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. इस्पितळाच्या बोळात तो तिच्याच गळ्यातून निघाला होता.

वहिनीनं आत्याकडे मान वळवली.

"मी काहीच म्हटलं नाही," आत्या म्हणाली. "वहिनी, खरंच. आम्ही कबुतराबद्दल बोलत होतो."

ते खरं होतं. आणि वहिनीच्या चेहऱ्यावर तेच बघणं आलं जे त्या दिवशी बोळात आलं होतं. तिनं आत्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, पुन्हा आत्याकडे बघितलं. दोघींतलं खरं कोण बोलतंय हे तिला ठरवता येत नव्हतं. दोघींनीही तिला ते ठरवण्याजोगं काही शिल्लक ठेवलेलं नव्हतं. आत्याला शपथ घ्यावीशी वाटली, पण कशाची घेणार?

वहिनी चालत पत्र्याखाली आली. तिनं घुबडाच्या खिशातून हातमोजा काढला, तिचा चट्ट्यांचा हात हातात घेतला आणि एकेक बोट नीट आत घालून मोजा मनगटापर्यंत ओढला.

"कोण काय म्हणालं ते राहू दे," ती म्हणाली. "चल, मला बस काढायचीये."

दोघी जिना उतरून गेल्या. आत्या गच्चीवर उभी राहिली. शेजारी नळी सूर्याकडे तोंड करून आपली मान वळवत होती.